दीड टक्का

कलिनाला, सीएसटी रोडवर, मुकादमांच्या टायरच्या दुकानात
माझ्यासाठी प्लास्टिकचं स्टूल पुसलं गेलं.
भाच्याने ओळख करून दिली:
"ही माझी मावशी. गणित शिकवायची. गिरगावात. तेहेतीस वर्षं."
मुकादम म्हणाले, "मग आज आम्ही गप्प बसतो."
आणि बसले नाहीत.

गाडी दोनच माणसांची. लाल;
म्हणजे काही भाग अजून लाल.
सौमित्रने ती माटुंग्याच्या एका दंतवैद्याकडून घेतली,
ज्याच्या पाठीने तिला नकार दिला होता.
तिच्या मापाचा टायर आता इथे कुणी आणत नाही:
दोनशे पाच, तिरकी रेघ, पन्नास, आर, पंधरा.

"बाई, पहिला आकडा रुंदी. मिलिमीटर.
दुसरा उंची, पण उंची नव्हे, रुंदीचे टक्के.
तिसरा रिमचा व्यास. इंचात."

एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच!
नववी ब मध्ये कुणी असं लिहिलं असतं
तर वही भिंतीपर्यंत गेली असती.
मी पर्स उघडली,
विजेच्या बिलाच्या कोऱ्या पाठीवर मांडलं:
रुंदीचे निम्मे वर एकदा, खाली एकदा,
मध्ये पंधरा इंच, गुणिले पंचवीस पूर्णांक चार.
पाचशे शहाऐंशी.
बऱ्याच दिवसांनी कुणीतरी
माझ्या उत्तराची वाट बघत उभं होतं.

सौमित्रला हवी होती सतरा इंची रिम,
बाजू पापडासारखी पातळ.
"दिसायला गं, मावशी."
मुकादमांनी कोपऱ्यातून एक रिम ओढून आणली, कड दुमडलेली.
"ही पण दिसायलाच होती. साकीनाक्याच्या खड्ड्यापर्यंत.
रस्ता रबरात मुरला पाहिजे, शेठ,
नाहीतर तो कमरेत मुरतो."
दंतवैद्याची आठवण कुणी काढली नाही.

उरले दोन.
एकशे पंच्याण्णव-पन्नास: दहा मिलिमीटर कमी.
हा घेतला तर काटा बढाईखोर,
शंभर सांगेल, गाडी अठ्ठ्याण्णवावर.
एकशे पंच्याण्णव-पंचावन्न: साडेनऊ जास्त.
याचा काटा लाजरा,
शंभर दाखवेल, धावेल एकशे एक पूर्णांक सहा.
"दीड टक्का म्हणा," मी म्हटलं.
मुकादमांनी मान डोलावली.
त्यांचं उत्तर बोटांच्या पेरांवर
आधीच काढून झालं होतं.

झुबेर जुना टायर उतरवत होता.
नक्षी शाबूत, खोल.
बाजूला मात्र बारीक भेगा, टाचेला पडतात तशा,
आणि लंबगोलात चार आकडे: तेवीस, तेरा.
"दोन हजार तेराचा तेविसावा आठवडा," मुकादमांनी वाचलं.
म्हणजे जूनचा पहिला.
मी एकतीस मेला निवृत्त झाले.
त्या आठवड्यात रंगीत खडूंचा अर्धा डबा
घरी कुठे ठेवावा ते मला सुचत नव्हतं,
आणि कुठल्याशा कारखान्यात
हे रबर साच्यात शिजत होतं.
"फार चाललेला नाही," मुकादम म्हणाले,
"पण उभं राहूनही रबर म्हातारं होतं."
मी स्टूल जरासं सरकवलं.

लाजरा घेतला.
गाडी जमिनीपासून पावणेपाच मिलिमीटर वर आली.
सौमित्रने दहा पावलं मागे जाऊन पाहिलं
आणि फरक दिसतो म्हणाला.
दिसत नव्हता.

तिच्यात बसणं म्हणजे पंगतीत पाटावर बसणं;
उठायचं कसं, ते नंतर.
रविवारचं बीकेसी, सगळ्या काचांमध्ये कुणीच नाही.
काटा साठावर.
मी मनात दुरुस्त केलं: साठ, आणि वर जेमतेम एक.

शाळेत घालताना वडिलांनी माझी तारीख एक जून लावली,
वर्षही एक पुढचं.
दाखल्यावर मी एकोणसत्तर. धावते सत्तरावर.
टक्के काढले. न काढून सांगते कुणाला:
एक पूर्णांक चार.

"काय हसतेस?" सौमित्रने विचारलं.
"पुढे बघ," म्हटलं. "खड्डा. डावीकडे."